मुलीचं नाव भद्रावती ठेवू का?

पत्र: ताई, माझं माहेर सोलापूरचं, जोडभावी पेठेतलं. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू बोलतो. सासर बार्शीचं, मराठी. दीड महिन्यापूर्वी मला मुलगी झाली आणि मी अजून माहेरीच आहे. माझ्या अव्वाचं, म्हणजे वडिलांच्या आईचं नाव भद्रावती होतं. तिनेच मला वाढवलं. ती गेल्या वर्षी गेली. मला मुलीला तिचं नाव द्यायचंय. यजमानांना आधी आवडलं होतं, आता म्हणतात, नाव लांब आहे, जुनं आहे, शाळेत पोरं चिडवतील. पुण्याचे दीर म्हणतात, हे तर गावाचं नाव आहे. पण खरी अडचण सासूबाईंची आहे. त्या म्हणतात, पंचांगात भद्रा आली की आपण साधी खरेदी करत नाही, आणि तू पोरीला जन्मभर भद्रा म्हणणार? माझ्या नणंदेचा साखरपुडा घाईत भद्रेत उरकला होता आणि पुढे ते लग्न मोडलं, हे त्या विसरलेल्या नाहीत. मुलीची रास तूळ, पत्रिकेत अक्षर र आलंय, त्यामुळे त्यांना र वरूनच नाव हवंय. यावरून बारसं अडलंय. सगळे तिला नुसतं बाळ म्हणतात. मी हट्ट करतेय का? या नावाचा खरा अर्थ काय? — एक आई

उत्तर:

अगं बाळंतीण बाई, नाव ठेव. बिनधास्त ठेव. मात्र बारशाच्या आधी तुला एक फोन करायचा आहे. कुणाला, ते शेवटी सांगते. आधी नावाचं बघू, कारण तुझ्या घरात भांडण नावाशी चाललंय आणि नाव बिचारं निर्दोष आहे.

सासूबाईंना एक गोष्ट विचार. शिवाजी महाराजांची राजमुद्रा त्यांना पाठ असेल, बार्शीत काय आणि सोलापुरात काय, पोरासोरांना पाठ असते. तिची शेवटची ओळ म्हण: ‘शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते.’ भद्राय म्हणजे कल्याणासाठी. शहाजीच्या मुलाची, शिवाजीची ही मुद्रा लोकांच्या भल्यासाठी शोभते आहे, असा त्याचा अर्थ. ज्या शब्दावर स्वराज्याची मोहोर उठली, तोच शब्द तुझ्या अव्वाच्या नावात आहे. ऋग्वेदात ‘आ नो भद्राः क्रतवो यन्तु विश्वतः’ म्हटलंय, चारी दिशांनी आमच्याकडे चांगले विचार येवोत. तिथेही तोच.

आणि वेद राहू दे बाजूला, आपण दिवसातून दहा वेळा हा शब्द बोलतो. भद्र या संस्कृत शब्दाचं प्राकृतात भल्ल झालं आणि त्याचं मराठीत भला. ‘देव तुझं भलं करो’ म्हणताना सासूबाई भद्रच म्हणतात. वाईट बोलणाऱ्याला आपण अभद्र बोलू नकोस म्हणतो, तेव्हा भद्र चांगलं आहे हे आपल्याला ठाऊकच असतं. गंमत अशी की भादरणे हाही त्याच घरातला. डोक्यावरचे केस उतरवणं हे पूर्वी मंगल कार्य मानायचे, त्याला भद्राकरण म्हणत, ते घासून घासून भादरणं झालं.

आता ‘वती’. अमरपासून अमरावती, पद्मपासून पद्मावती, तसं भद्रपासून भद्रावती. जिच्यापाशी भद्र आहे, जिच्यामुळे घराचं भलं होतं ती. दीर म्हणतात ते खोटं नाही, हे गावाचं नाव आहेच. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती आहे, भद्रनागाचं देऊळ आणि विजासनची बौद्ध लेणी तिथेच. कर्नाटकात शिमोग्याजवळ, भद्रा नदीच्या काठी दुसरी आहे, तिथला पोलादाचा कारखाना प्रसिद्ध आहे. पण दिरांना म्हणावं, लांब कशाला जाता? सोलापुरातच भद्रावती पेठ आहे. तुझ्या माहेरापासून चालत जाण्याजोगी. त्या पेठेतल्या प्रत्येक आधार कार्डावर हे नाव छापलेलं आहे. तिथे पोरं जन्मतात, लग्नं ठरतात, घरभरणी होते आणि पत्त्यात भद्रावती आहे म्हणून कुणी मुहूर्त मागे घेत नाही.

पण ते नाव सोलापुरात आलं कसं, हे तुझ्या सासरी कुणाला माहीत नसावं, आणि ते तूच सांगायला हवंस. तेलंगणातून विणकर मंडळी आली ती मागाबरोबर आपले देव आणि आपली कथाही घेऊन आली. मृकंड ऋषींचा मुलगा मार्कंडेय, ज्याने शिवलिंगाला मिठी मारून यमाचा फास परतवला. त्याच्या यज्ञातून भावनाऋषी प्रकटले. त्यांनी कमळाच्या देठातले तंतू काढून देवांसाठी पहिलं वस्त्र विणलं. पद्मशाली नावातलं पद्म ते हेच. आणि या भावनाऋषींची पत्नी कोण? भद्रावती. सूर्याची मुलगी. समाजातली १०१ गोत्रं या जोडप्याच्या १०१ मुलांपासून झाली, असं परंपरा सांगते. म्हणजे तुझ्या घरात भद्रावती हे नुसतं एका आजीचं नाव नाही गं, सगळ्या विणकरांच्या मूळ आईचं नाव आहे.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात समोरच्या खोलीत अशीच एक भद्रव्वा राहायची. दुपारी राटावर, म्हणजे सूत गुंडाळायच्या चरख्यावर, कांड्या भरत बसायची. डाव्या हाताच्या चिमटीतून सूत सरकायचं आणि त्या दोन बोटांच्या पेरांवर सुताने बारीक खाच पाडलेली होती, पाट्याला टाकी लावल्यावर दगडावर पडते तशी. सूत तुटलं की ती राट थांबवायची, दोन टोकं जिभेला लावायची, पीळ द्यायची आणि गाठ कुठे पडली ते शोधून सापडायचं नाही. दिवसाची पहिली कांडी लावण्याआधी सुताचं टोक कपाळाला लावायची. मी एकदा विचारलं, तुझा नमस्कार कुणाला? तर म्हणाली, मलाच. माझंच नाव आहे तिचं. मला ते तेव्हा कळलं नाही. खूप वर्षांनी भावनाऋषींची गोष्ट वाचली तेव्हा एकदम ती दुपार आणि राटाचा घर्र आवाज आठवला. तुझं पत्र वाचून पुन्हा आठवला. तुझ्या अव्वाच्या बोटांना तशी खाच होती का गं? असेल तर ती मुलीला सांगायची गोष्ट आहे.

आता पंचांगातली भद्रा. सासूबाईंना वेड्यात काढू नकोस, त्या म्हणतात ते पंचांगात खरंच आहे. अर्ध्या तिथीला करण म्हणतात. बव, बालव, कौलव, तैतिल, गर, वणिज आणि विष्टी ही सात करणं फिरत राहतात. यातल्या विष्टीला भद्रा म्हणतात आणि तिच्यात शुभकार्य करत नाहीत. चांद्र महिन्यात ती आठ वेळा येते. पौर्णिमेच्या पहिल्या अर्ध्या भागात ती ठरलेलीच, म्हणून राखी आणि होळी आली की दरवर्षी भद्रेची चर्चा होते. २०२३ साली ३० ऑगस्टला रात्री नऊपर्यंत भद्रा होती, तेव्हा किती बहिणी राखी घेऊन ताटकळल्या होत्या, आठवत असेल.

कथा अशी की ही भद्रा सूर्य आणि छायेची मुलगी, शनीची बहीण, जन्मतःच उग्र, यज्ञात विघ्नं आणणारी. शेवटी ब्रह्मदेवाने तिला करणांमध्ये जागा दिली आणि म्हटलं, एवढ्या वेळात तुझा मान राखला जाईल.

बघितलंस ना? इकडेही सूर्याची लेक, तिकडेही सूर्याची लेक. एकाच नावाच्या, एकाच बापाच्या. एका घरात तिची भीती, दुसऱ्या घरात ती कुळाची आई. तुझ्या बाळाच्या वाट्याला ही दोन्ही घरं आली आहेत.

मग इतक्या उग्र गोष्टीला भद्रा, म्हणजे कल्याणी, असं नाव का पडलं? याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तरी वाढली म्हणतो. अंगावर फोड उठायचे तेव्हा त्या रोगाला आपण देवी म्हटलं, ‘देवी आल्या’ म्हटलं. पत्रिकेत ज्याला लोक सगळ्यात घाबरतात तो ग्रह कोण? मंगळ. ज्याची भीती वाटते त्याला माणूस चांगल्या नावाने हाक मारतो, म्हणजे ते शांत राहील. विष्टीला भद्रा म्हटलं ते असंच. भीतीने चांगुलपणाचं नाव उसनं घेतलं. मंगळाला लोक घाबरतात म्हणून कुणी मंगल हे नाव टाकलं का? सासूबाईंच्या पिढीत प्रत्येक गल्लीत एक मंगल असायची.

त्याच पंचांगात अजून एक भद्रा आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तिथींचे पाच गट असतात: नंदा, भद्रा, जया, रिक्ता, पूर्णा. द्वितीया, सप्तमी आणि द्वादशी या भद्रा तिथी, आणि त्या शुभ मानतात. टाळायच्या त्या रिक्ता. शिवाय विष्टीसुद्धा सरसकट वाईट धरत नाहीत. चंद्राच्या राशीवरून तिचा वास ठरवतात. चंद्र कन्या, तूळ, धनू किंवा मकरेत असेल तर भद्रा पाताळात, आणि पाताळातली भद्रा धन देते असं ज्योतिषीच सांगतात. तुझ्या लेकीची रास तूळ. हे सासूबाईंना तू सांगू नकोस, सुनेने सांगितलं की वाद होतो. त्यांच्या नेहमीच्या गुरुजींना विचारायला सांग. गुरुजींच्या तोंडून ऐकलं की त्यांना धीर येईल. अडलाय तो धीरच, शास्त्र अडलेलं नाही.

आणि र अक्षराचं काय? त्यावर आपल्याकडे सोपी वाट आहे. पाळण्यात घालताना एकच नाव कुठे ठेवतात? पत्रिकेतलं जन्मनाव र वरून ठेवा, ते सासूबाईंना निवडू दे. रेवा, रोहिणी, राधा, जे त्यांना आवडेल ते. पूजेला, संकल्पाला ते वापरा. हाक मारायला आणि कागदावर भद्रावती. किती तरी घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, यात कुणाची हार होत नाही.

यजमानांच्या शंकेला मी हलकं घेणार नाही. आज बालवाडीच्या हजेरीत दोन अक्षरी नावांची रांग असते, आर्या, स्वरा, ईरा. सुभद्रा तरी आजी-पणजींमध्ये सापडते, भद्रावती मात्र सोलापूरच्या विणकर घरांबाहेर क्वचितच ऐकू येते, आणि तिथेही आता साठी-सत्तरीच्या पुढच्या बायकांत. एका वर्गात दुसरी भद्रावती असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. मला यात तोटा दिसत नाही. तीन स्वरा असलेल्या वर्गात बाई आडनावाने हाक मारतात, तुझ्या लेकीला नावाने मारतील.

चिडवतील का? हो, चिडवतील. हिंदीत भद्दा म्हणजे कुरूप, आणि कार्टून बघून बघून आपल्या पोरांना हिंदी चांगलं येतं. कुणीतरी भद्रावरून भद्दा करेलच. त्यावर उपाय म्हणजे घरातली हाक तुम्हीच आधी ठरवा. घरात रुळलेली हाक सहसा शाळेतही पोहोचते. वती म्हणा, भद्रू म्हणा. सासूबाईंच्या कानाला नुसतं भद्रा खुपणार असेल तर वती फार गोड आहे. आणि पोर चार वर्षांची झाली की तिच्याकडून महाराजांची मुद्रा पाठ करून घे. कुणी चिडवलं तर तिने ती ओळ म्हणून दाखवावी. सोलापूरच्या कुठल्याही शाळेत त्यापुढे कुणी बोलणार नाही.

कागदपत्रांचं थोडं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती दवाखान्यातून झाली असेल. नाव नसताना झाली असली तरी बिघडत नाही. नाव नंतर घालता येतं, एक वर्षाच्या आत विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तेव्हा घाईने काहीतरी नाव लावून मोकळं व्हायचं कारण नाही. मात्र जे लावाल ते विचार करून लावा, कारण १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेसाठी जन्माचा दाखलाच लागतो. इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा. भद्रावतीच्या शेवटी टी की टीएच, यावरून पुढे आधार एक आणि मार्कलिस्ट दुसरी असं होतं आणि पोरीच्या हाती प्रतिज्ञापत्रं येतात. सोलापुरात अनेक तेलुगू घरांत टीएच लिहितात, बार्शीकडे नुसता टी. दाखल्याचा अर्ज भरताना दोघं समोरासमोर बसून एक अक्षर पक्कं करा. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही येतं, आधी मुलीचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे त्या दाखल्यावर भद्रावतीच्या लगेच पुढे तुझं नाव असेल. तुझ्या अव्वाचं आणि तुझं नाव शेजारी शेजारी.

आता तो फोन.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात यजमान बोलतात, दीर बोलतात, सासूबाई बोलतात. नणंद एक शब्द बोलत नाही. जिच्या मोडलेल्या साखरपुड्यावरून हे सगळं चाललंय तिला कुणी विचारलं का? सासूबाईंना नात भद्रा नको आहे यामागे त्यांची लेक आहे. तो साखरपुडा घाईत झाला, कुणी घाई केली, कुणाचं पंचांग बघायचं राहून गेलं, हे ओझं त्या आई म्हणून वाहत असतील. आता नातीच्या नावावर अडून बसून आपण तेव्हाची चूक सुधारतोय असं त्यांना वाटत असेल. शब्दार्थ सांगून हे सुटणार नाही, मी वर कितीही लिहिलं तरी.

आणि बारशाला बाळाच्या कानात नाव कोण सांगतं? आत्या. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याखालून वर देणाऱ्या बायका असतात, पण कानात कुर्रर्र करून नाव घ्यायचा मान आत्याचा. तुझ्या लेकीचं नाव जी सगळ्यात आधी उच्चारणार आहे, ती तुझी नणंदच आहे.

तिला फोन कर. यजमानांना करायला लावू नकोस, तूच कर, आणि दुपारी निवांत कर. नाव मागायला करू नकोस, आधी तिची विचारपूस कर. मग तिला तुझ्या अव्वाबद्दल सांग. ती कशी होती, तुला कशी झोपवायची, कांड्या कशा भरायची. मग सांग की मला हे नाव द्यायचंय आणि तुला ते उच्चारताना त्रास होणार असेल तर मला आधी कळायला हवं. एवढंच. तिने नको म्हटलं तर मला पुन्हा लिही, आपण वेगळा विचार करू. त्या एका नकारापुढे मी थांबेन, दिरांच्या आणि पोरांच्या चिडवण्यापुढे नाही. पण ती हो म्हणाली, तर तिलाच सांग, वहिनी म्हणून विनंती कर, की आईशी तू बोल. तिच्या तोंडून भद्रावती ऐकल्यावर सासूबाईंच्या मनातला जो गुंता सुटेल, तो तुझ्या-माझ्याने सुटणार नाही.

बारसं सोलापुरात होणार असेल तर नणंदेला आदल्या रात्रीच मुक्कामाला बोलाव. तुझ्या घरात अव्वाचा राट अजून माळ्यावर असेल तर खाली काढून पुसून ठेव. आणि पाळण्याला बांधायचा दोरा बाजारातून आणू नकोस, घरातल्या सुताचाच घे.